एक पट्टी वर

देवळीत कंडक्टर म्हणजे एस.टी.चा. त्यामुळे मी एका कंडक्टरच्या हाताखाली गाते, असं आमच्या दुकानात कुणाला सांगायची सोय नव्हती. वडिलांचं किराणा दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर. गिऱ्हाइकाला सगळ्या घराची खबर हवी असायची, आणि मी रोज वर्ध्याला कॉलेजलाच जाते की आणखी कुठे, ही चौकशी साखर बांधता बांधता व्हायची. आई सांगायची, संगीताचा क्लास आहे. ते काही अगदी खोटं नव्हतं. फक्त त्या क्लासात एक अकॉर्डियन, दोन गिटार, कीबोर्ड, ढोलक, काँगो, ड्रमसेट आणि सहा-सात गाणारी माणसं होती, आणि समोर स्टुलावर उभा राहून एक बुटका माणूस पऱ्हाटीची सोललेली काडी हलवायचा. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड. आमच्याकडे ते चुलीत जातं. मास्तरांनी त्यातून ऑर्केस्ट्रा चालवला.

मास्तर आले कुठून, हे विचारलं की दर वेळी थोडं वेगळं उत्तर मिळायचं. त्यातलं न बदलणारं एवढंच, की जन्म पूर्व बंगालमधल्या एका खेड्यात, जिथे पावसाळ्यात अंगणापर्यंत नदी यायची. चौदा-पंधरा वर्षांचे असताना आई-वडील आणि बहिणीसोबत अंगावरच्या कपड्यांनिशी सरहद्द ओलांडली. रायपूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत तीन वर्षं काढली. मग सरकारने चंद्रपूरकडच्या जंगलात जमीन दिली. ती कसायला वडील राहिले, मुलगा राहिला नाही.

छावणीत शेजारच्या तंबूत एक म्हातारा बँडमास्तर होता. घर सोडताना त्याने भांडी मागे ठेवून क्लॅरिनेट तेवढी गोधडीत गुंडाळून आणली होती, आणि म्हणून त्याची बायको त्याच्याशी बोलत नव्हती. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर त्याने या पोराला पाच रेघांचं विलायती नोटेशन शिकवलं, रेशनच्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर. मास्तर सांगायचे की देश गेला, गाव गेलं, बोली अर्धी विसरली, पण जे कागदावर लिहिलं होतं ते जसंच्या तसं सोबत आलं. हे सांगताना ते कधी भावुक व्हायचे नाहीत. रेल्वेचं टाइमटेबल सांगावं तसं सांगायचे.

नागपूरला लग्नाच्या बँडमध्ये दहा-बारा वर्षं क्लॅरिनेट वाजवून ते वर्ध्याला आले, म्हणजे गाडी बदलायला उतरले. स्टेशनबाहेर एक वरात चालली होती आणि बँड इतका बेसूर वाजत होता की यांनी मध्ये शिरून ट्रम्पेटवाल्याला थांबवलं. नवरदेव घोड्यावर ताटकळत राहिला आणि मास्तरांनी भर रस्त्यात तालीम घेतली. त्यांची गाडी सुटली. नंतर त्यांनी ती पुन्हा कधी पकडली नाही. यातलं किती खरं ते देव जाणे, पण मास्तरांना ओळखणारा कुणीही यावर विश्वास ठेवेल.

मी एक्क्याण्णव साली गेले तेव्हा त्यांना वर्ध्यात बारा-तेरा वर्षं झाली होती आणि ते वऱ्हाडी बोलायचे, बंगाली वळणाची. बाईमाणसाशी बोलतानाही ते पुरुषाशी बोलावं तसंच बोलत. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "तू काऊन घाबरून राह्यला? गा ना." मागच्या बाकावरचे सगळे हसले. मीही हसले आणि गायले.

त्यांचा एक नियम होता आणि त्यावरच पुढचं सगळं घडलं, म्हणून तो नीट सांगते. बाकीचे ऑर्केस्ट्रा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे गाणं खालीवर करून घ्यायचे. गायिकेला चढत नाही, मग एक-दोन पट्ट्या उतरवा. कीबोर्डवर त्यासाठी बटणच असायचं. मास्तरांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. गाणं ज्या पट्टीत मूळ गायलं गेलं त्याच पट्टीत वाजलं पाहिजे, अर्धा सूर इकडे नाही की तिकडे नाही. त्यासाठी त्यांच्याकडे एक मोठा टेपरेकॉर्डर होता. त्यावर कॅसेट लावायची, एकेक ओळ दहा-दहा वेळा मागे घेऊन ऐकायची आणि सगळ्या वाद्यांचं नोटेशन रेघांवर उतरवायचं. कधी टेपचा सूर कीबोर्डशी तंतोतंत जुळला नाही, तर जवळच्या पट्टीत बसवायचे आणि कॅसेट काढणाऱ्यांना शिव्या घालायचे. असे शेकडो कागद एका पत्र्याच्या पेटीत होते. मी म्हणायचे, मास्तर, ही तुमची खरी गृहस्थी. ते हो म्हणायचे. लग्न केलं नव्हतं.

आमच्या ऑर्केस्ट्राची एक ख्याती होती. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, कुठेही जा, लोक म्हणायचे, यायचा ऑर्केस्ट्रा कडक वाजते. गाणं कसं पळतं, ढिलं पडत नाही. लोकांची तक्रार एकच, की मास्तर त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात. एका गावच्या सरपंचांनी तर कार्यक्रम थांबवून विचारलं, की पैसे आम्ही देतो आणि तोंड त्यांच्याकडे, हे काय. तेव्हापासून मास्तर तिरपे उभे राहू लागले. आयुष्यात त्यांनी केलेली ती एकमेव तडजोड, असं मी खूप वर्षं समजत होते.

तेव्हाच्या मुख्य गायिकेला आम्ही सगळे ताई म्हणायचो. बोरगाव मेघेची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. सकाळी बाजारात भाजी पोचवून ती तालमीला यायची आणि तिच्या साडीला मेथीचा वास असायचा. आवाज असा भरदार आणि ऊबदार, की ती गाऊ लागली की खोलीतला पंखा बंद करावासा वाटे, आवाज नको म्हणून. मी कोरसमध्ये होते. तिच्या मागे उभी राहून गायचे आणि मनातल्या मनात तिच्या जागी उभी राहायचे. लाज वाटते, पण तेच खरं आहे.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात मास्तरांनी एक जुनं गाणं नवीन बसवायला घेतलं. त्याच्या अंतऱ्यात एक ओळ वर जाऊन तिथेच थांबते. ताई तिथे पोचायची, पण थांबता यायचं नाही. आवाज फाटायचा. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. ती घरी मिठाच्या गुळण्या करायची, ज्येष्ठमध चघळायची, आंबट सोडलं होतं. एका दुपारी तिसऱ्यांदा आवाज फाटला तेव्हा मास्तरांनी काडी स्टँडवर ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "तुझा आवाज उतरला. आता होणार नाई." ताईने विचारलं, की एक पट्टी खाली घेता येणार नाही का, एवढ्या एका गाण्यापुरतं. मास्तर म्हणाले, गाणं माणसासाठी वाकत नाही. मग काडी उचलून त्यांनी माझ्याकडे दाखवली.

मी गायले. माझा आवाज तेव्हा बारीक आणि टोकदार होता, वर सहज जायचा. ती ओळ मी घेतली आणि तिथे थांबले, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की काम झालं. ताई पदर खोचून उठली, सगळ्यांचा निरोप घेतला, मला म्हणाली, छान गायलीस. मी त्या दिवशी देवळीच्या बसमध्ये खिडकीशी बसून हसत होते. शेजारच्या बाईने विचारलं, पास झालीस काय.

पुढची सहा वर्षं मी मुख्य गायिका होते. बी.ए. झालं, वर्ध्यातच लग्न झालं, नवरा सरकारी कार्यालयात, गाण्याला त्याची हरकत नव्हती. पण गळा सुखात नव्हता. वरची गाणी रोजची झाली आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर दोन दिवस आवाज बसू लागला. मग चार दिवस. कुणाला सांगितलं नाही. ताईचं काय झालं ते मी पाहिलं होतं, आणि कोरसमध्ये माझ्यामागे आता दुसऱ्या मुली उभ्या होत्या. माझी जागा एवढीच होती, त्या ओळीवर थांबता येण्याइतकी. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात बोलतानाही खरखर येऊ लागली, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. त्यानंतर गाता येईल की नाही, ते तेव्हा पाहू.

महिनाभर मुकी राहायला मी माहेरी देवळीला आले. गळ्यात वही आणि पेन अडकवून दुकानात बसायचे. भावाने नुकताच दोन कॅसेटचा नवा टेप आणला होता आणि तो दिवसभर वाजायचा. घरी माझी पेटी होती. गाता येत नाही तर निदान बोटं तरी चालू राहावीत म्हणून एका सकाळी मी टेपवर लागलेल्या गाण्याबरोबर पेटी वाजवायला बसले. ते आमचंच गाणं होतं, त्या वर थांबणाऱ्या ओळीचं. मी सवयीच्या पट्टीत बोटं ठेवली आणि ते जुळेना. कानाला खुपायला लागलं. एक पट्टी खाली घेतलं, तर बरोबर बसलं.

मला वाटलं, भावाचा टेप हळू चालतोय. दुसरं गाणं लावलं. तेही एक पट्टी खाली. संध्याकाळी रेडिओवर जुनी गाणी लागली तेव्हा पेटी घेऊन रेडिओशी बसले. रेडिओ काही हळू चालत नाही. तिथेही एक पट्टी खाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हॉटेलातला टेप मागून आणला, मोठ्या बहिणीकडचा आणला. आईला वाटलं, पोरगी बोलायची बंद झाली आणि आता डोक्यानेही गेली. मी वहीवर लिहून भावाला घड्याळ धरायला सांगितलं. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ लिहून ठेवला. मग तीच कॅसेट पिशवीत घालून मी वर्ध्याची बस पकडली. बसमध्ये मी दोन्ही हातांनी समोरच्या सीटची दांडी धरून बसले होते.

तालमीची खोली कापसाच्या जिनिंगच्या गोदामामागे होती. मास्तर एकटेच नोटेशन उतरवत बसले होते. मी वही उघडून लिहिलं: तुमचा टेप पळतो. त्यांनी वाचलं आणि हसले. मी कॅसेट लावली आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. गाणं सोळा सेकंद आधी संपलं. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत सोळा. त्यांनी चष्मा काढून पुसला, टेपला कान लावला, मागची जाळी उघडून आत पाहिलं. मग आठवलं. सात-आठ वर्षांपूर्वी, मी यायच्या थोडं आधी, टेप बंद पडला होता आणि दुरुस्तीवाल्याने आतली मोटर बदलली होती. मूळ मोटर मिळत नव्हती म्हणून दुसऱ्या मॉडेलची बसवली होती. ती थोडी जोरात फिरत होती. तेव्हापासून उतरवलेला पेटीतला प्रत्येक कागद एक पट्टी वर होता. आमचा तो कडक ठेका, लोकांना आवडणारा, तोही त्या मोटरचाच.

मास्तर खाली सतरंजीवर बसले. मला वाटलं, ते माझ्या गळ्याबद्दल काही म्हणतील. माझा संताप झाला होता, सहा वर्षं मी ज्या सुरासाठी गळा सोलून घेतला तो सूर कुणी कधी गायलाच नव्हता, आणि ओरडायला मला आवाज नव्हता. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिचा आवाज उतरला नव्हता."

त्यांना पहिल्यांदा ताई आठवली. मला तोवर ती आठवलीच नव्हती. आणि आठवली तेव्हा मनात जे आलं ते अजून मला धक्का देतं. एक पट्टी खाली घेतली की ती सगळी गाणी ताईच्या गळ्यात जशी बसतील तशी माझ्या गळ्यात कधीच बसणार नाहीत. तो भरदार आवाज तिथे खालीच तर राहतो. आणि माझ्या स्वरतंतूंवर गाठी.

मास्तर चपला घालायला उठले. आत्ताच जाऊन सांगतो म्हणाले, तू बी चल. मी वही ओढून घाईघाईने लिहिलं: आत्ता नको. सीझन होऊन जाऊ द्या. लोकांना कळलं तर ऑर्केस्ट्रा मोडेल. तिन्ही वाक्यं मी एका दमात लिहिली, खाडाखोड नाही. मास्तरांनी वाचलं, एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत थोडा वेळ उभे राहिले, आणि मग हातातली चप्पल खाली ठेवून परत बसले. त्यांना थांबवायला तेवढं पुरलं, याचंही मला तेव्हा आश्चर्य वाटलं. लाजेला निमित्तच हवं असतं, हे पुढे कळलं.

मोटर त्यांनी त्याच आठवड्यात बदलून घेतली आणि ते सगळे कागद नव्याने लिहायला बसले. शेकडो गाणी, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. कीबोर्डचं बटण दाबलं असतं तर एका क्षणात सगळं खाली आलं असतं, पण चिकटपट्टी तशीच राहिली. चूक हाताने झाली, हातानेच दुरुस्त करायची, असं त्यांचं म्हणणं. चार महिने लागले. तोवर माझ्या गाठी बऱ्याच विरल्या होत्या. आवाज परत आला, पण जाडसर आणि जरा घोगरा. एक पट्टी खाली मला गाता येत होतं, आणि जागा माझीच राहिली.

बरोबर पट्टीतला पहिला कार्यक्रम देवळीलाच झाला, शारदोत्सवात. मास्तर नवा सदरा घालून आले होते. इतक्या वर्षांनी गाणं जसं आहे तसं वाजणार होतं. तिसऱ्या गाण्यालाच मागून कुजबुज सुरू झाली आणि मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष स्टेजमागे येऊन काळजीने विचारू लागले, की आज सगळे थकले आहेत काय, ढिल्लं वाजून राह्यलं, लोक उठून राह्यले. माझे वडील पहिल्या रांगेत होते. घरी गेल्यावर ते म्हणाले, पयलेचंच बरं होतं. मास्तरांना कुणी खरं कारण सांगू दिलं नाही. म्हणजे मी सांगू दिलं नाही.

वादक मंडळींना आम्ही टेपचं सांगितलं होतं. त्यांनी हात जोडून विनवलं, की पुन्हा वरच चढवू, कुणाला काय कळतं. मास्तर बधले नाहीत. माहीत नव्हतं तोवर ती चूक होती, आता वाजवलं तर ती चोरी, असं ते म्हणाले. मला हे कळायचं नाही आणि रागही यायचा, की सुरांच्या बाबतीत एवढा ताठ माणूस बोरगाव मेघेच्या रस्त्याला का लागत नाही. दर सीझन संपला की ते म्हणायचे, जाऊ या का. मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. नवऱ्याची बदली होणार होती, मग झाली नाही. मुलगी झाली. मुलीचं बारसं झालं. कारणं काय, शेवग्याच्या शेंगांसारखी लागतात.

बोलावणी कमी होत गेली. त्यात नव्या शतकाबरोबर गाणाऱ्याच्या आवाजाशिवायचं संगीत कॅसेटवर, मग सीडीवर मिळू लागलं. एक माणूस, एक पेटी आणि दोन स्पीकर, झाला ऑर्केस्ट्रा. अकॉर्डियनवाले वारले. गिटारवाला पुण्याला गेला. दोन हजार चार साली मास्तरांनी खोली सोडली. बहीण चंद्रपूरकडे एकटी होती, तिच्याकडे जायचं ठरलं. सामान बांधून झाल्यावर त्यांनी माझ्या घरी निरोप पाठवला. मी गेले तर दारात चपला घालून उभे होते. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. रिक्षा बोलावून ठेवली होती.

ताईचं घर मळ्यातच होतं. अंगणात पालकाचा ढीग ओतलेला आणि ती पाटावर बसून जुड्या बांधत होती. पंचविशीतल्या पोरीच्या ठिकाणी आता चाळिशीकडे झुकलेली बाई, केस कानाशी पांढरे. मास्तरांना पाहून ती इतकी आनंदली की मला तिच्याकडे बघवेना. हात धुऊन आली, आम्हाला खाटेवर बसवलं, चहा टाकला. मास्तरांनी चहाला हात लावला नाही. टेप, मोटर, एक पट्टी, सगळं त्यांनी सांगितलं, नोटेशन वाचून दाखवावं तसं, एकही सूर न गाळता. शेवटी म्हणाले, "तुझा आवाज ठीक होता. माझं मशीन खोटं होतं."

ताईच्या हातात पालकाची एक काडी होती, तिची पानं ती एकेक तोडत राहिली. मग म्हणाली, "बारा वर्षं मी घरात गुणगुणली बी नाई, मास्तर. नणदेच्या लग्नात बाया म्हणे गाणं म्हन. मी म्हटलं, माहा आवाज गेला. पोरगा लहान होता तं त्याले नुसती थोपटून झोपवू." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. हिशेब तपासताना माणूस स्वतःशीच बोलतो तसं सांगितलं. बारा वर्षांतली सहा माझी होती.

मग तिने विचारलं, "तुम्हाले कधी समजलं?"

मास्तर म्हणाले, सहा वर्षं झाली. ती चमकली. तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा कठीण झाला. मंग काऊन नाई आले, असं तिने विचारलं, आणि मास्तर जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले लाज वाटे." एवढंच. वही नाही, सीझन नाही, माझं नाव नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ताई माझ्याकडे वळली. आवाज परत मऊ झाला होता. "तुले तं आत्ताच समजलं असन, नाई? तू काय लेकरू होतीस तवा."

मी मान हलवली. हो म्हणून.

मी तोंडाने काही बोलले नाही, पण त्या वेळी डॉक्टरांनी बोलायची बंदी घातली नव्हती. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी कप उचलला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. परतताना स्टेशनजवळ रिक्षातून उतरताना म्हणाले, "आता तू सांगजो तिले. माझ्याच्यानं होईल तेवढं झालं." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते चंद्रपूरला गेले आणि तिसऱ्या पावसाळ्यात तिकडेच वारल्याची बहिणीची चिठ्ठी आली. चिठ्ठी बंगालीत होती. ती वाचून घ्यायला मला दोन दिवस माणूस शोधावा लागला.

ताई आता गाते. मळ्यात गाते, भजनी मंडळात गाते, आणि ऐकणारे सांगतात की गळा अजून तसाच आहे. मी ऐकायला गेले नाही. बाजाराच्या दिवशी मात्र भेट होते, कारण वर्ध्यात तिच्याइतकी ताजी भाजी दुसऱ्या कुणाकडे नसते. ती मला लांबूनच हाक मारते, पिशवी हातातून घेते, भाव करू देत नाही, आणि भाजी भरून झाली की वरून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी घालते. घेऊन जाजो, म्हणते, तुह्या घशाले बरं राहीन. सांगायचं तेवढं राहतं, आणि मी ती घेऊन येते.